बारशापर्यंत गाणं बंद

ट्रॅक्टर सुंदररावांचा, दोन्ही ट्रॉल्या सुंदररावांच्या, डिझेल सुंदररावांचं. सीटवर अंथरलेलं गोणपाटसुद्धा सुंदररावांच्या गोठ्यातलं. हुडाच्या, म्हणजे डोक्यावरच्या छपराच्या, मागच्या बाजूला तारेनं आवळलेले दोन स्पीकर तेवढे आप्पारावांचे स्वतःचे. सबंध वाहनात त्यांच्या मालकीचं एवढंच. त्यामुळं ट्रॅक्टर ते बादलीनं धुवायचे आणि स्पीकर गळ्यातल्या रुमालानं पुसायचे.

आप्पाराव दिंद्रुडचे. तरुणपणी नुसते आप्पा होते. हातात स्टेअरिंग आल्यावर गावानं नावाला 'राव' जोडला. हा राव शाळेच्या दाखल्यावर नव्हता, आधारकार्डावर नव्हता. तो सीटवर बसायचा, आप्पारावांबरोबर खाली उतरायचा आणि चहाच्या टपरीपर्यंत त्यांच्या जोडीनं चालत यायचा.

दर हंगामाला माजलगावच्या बाजूला, धरणाच्या पाण्यावर उभा राहिलेला ऊस तोडायला टोळ्या येतात, आणि कारखान्याच्या मागच्या माळावर त्यांचा अड्डा पडतो. मी त्या कारखान्याचा स्लिपबॉय. कोणत्या फडातला ऊस कोणत्या ट्रॉलीत भरला त्याची चिठ्ठी फाडून ड्रायव्हरच्या हातात द्यायची, हे माझं काम. मिशा पांढऱ्या झाल्या, सुनेनं मला आजोबा केलं, पण कारखान्याच्या लेखी मी अजून 'बॉय'च आहे. असो. सांगायचं ते एवढंच, की आप्पारावांच्या ट्रॅक्टरजवळ मला रोज उभं राहावं लागे, आणि तिथं उभं राहायचं म्हणजे छातीत ढोल बांधून घ्यायचा.

ट्रॅक्टरवरची गाणी ही नुसती हौस आहे असं रस्त्यावरच्या मोटारवाल्यांना वाटतं, आणि ते काच खाली करून शिव्या देतात. हौस असतेच, नाही कशाला म्हणू. पण अड्ड्यावर गाण्याला काम असतं. रिकामा ट्रॅक्टर कॅनॉलच्या पुलावर आला की ड्रायव्हरनं गाणं सोडायचं. ज्या टोळीचं ते गाणं ती टोळी उठणार, फडक्यात भाकरी बांधणार आणि भरणीला, म्हणजे ट्रॉलीत ऊस भरायला, निघणार. बाकीच्यांनी कूस बदलायची. एका ट्रॅक्टरचं देवीचं गाणं, एकाचं वरातीतलं, एकाची नुसती बासरी. बासरीवाली टोळी कायम उशिरा उठायची. आप्पारावांची एक जुनी गवळण होती, टेपच्या काळापासूनची. पुढं ती पेनड्राइव्हवर गेली, पण टेप जिथं अडकायची तिथं अजूनही अडकायची. अड्ड्यावरची पोरं त्या जागेची वाट बघत बसायची आणि गाणं अडकलं की तेवढा तुकडा तोंडानं भरून काढायची. मग गवळण पुढं सरकायची.

आता एवढे ट्रॅक्टर, एवढे स्पीकर आणि पाचटाच्या कोप्या. पाचटाची भिंत म्हणजे शेजाऱ्याला उचकी लागली तर पाणी आपण प्यावं इतकी पातळ. अशा वस्तीला ग्रामपंचायत नसते, पोलीस पाटील नसतो, पण आवाजाचा कायदा लागतोच. आमच्या अड्ड्यावर हा कायदा म्हणजे चतुराबाई. मुकादम परमेश्वरची ही आई. सगळे फडात गेल्यावर तान्ही पोरं हिच्या ताब्यात. हिला अहोजाहो केलेलं चालत नसे. "मी काय तहसीलदारीण हाय का?" म्हणायची.

चतुराबाईचा कायदा सोपा होता. संध्याकाळी तिची शेवटची भाकरी झाली की ती तवा पालथा घालायची आणि त्यावर उलथन्यानं दोन टोले द्यायची. त्यानंतर पहाटेपर्यंत कुणी गाणं लावायचं नाही, बायकोला मोठ्यानं बोलायचं नाही, मोबाइलवर व्हिडिओ बघायचा तर कानात वायर घालून. माणसं पहाटे उठून कोयता हातात घेणार, त्यांना झोप पाहिजे. शांततेची दवंडी तव्याच्या ठणठणाटानं द्यावी हे कुणाला विचित्र वाटत नसे. दुसरा कायदा, अड्ड्यावर कुणी वारलं तर तिसऱ्या दिवसापर्यंत गाणं बंद. आणि तिसरा, कुणी बाळंत झालं तर बारशापर्यंत बंद. ट्रॅक्टरनं पुलावरून मुक्यानं यायचं. मोडणाऱ्यानं अड्ड्याला गूळ वाटायचा आणि वर चतुराबाईचं बोलणं खायचं. गुळाचं कुणाला काही वाटत नसे.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं, की आप्पारावांना ऐकू येत नव्हतं.

एकदम नव्हतं गेलं. आधी पाखरं गेली, मग लांबची हाक गेली, मग मागून मारलेली जवळची हाकही गेली. समोर उभं राहून, तोंड दिसेल असं बोललं की त्यांना कळायचं. अंबाजोगाईला दाखवून आले. डॉक्टरांनी सांगितलं, आतली नस वाळली, औषध नाही, मशीन लावून बघा. मशीन लावून ट्रॅक्टरवर बसले तर सगळं इंजिनच डोक्यात शिरलं आणि आप्पाराव बांधावर बसून ओकले. तेव्हापासून ते मशीन सारजाबाईंच्या कुंकवाच्या डबीत होतं. सारजाबाई म्हणजे त्यांची बायको. आप्पारावांची सारी हयात फुटक्या सायलेन्सरशेजारी आणि मानेमागं दोन स्पीकर घेऊन गेली, दुसरं काय होणार?

ट्रॅक्टर चालवायला कान कशाला, असं कुणाला वाटेल. रस्त्यावर नसले तरी एक वेळ चालतं. भरणीला लागतात. फडात दोन ट्रॉल्या मागं लावून ट्रॅक्टर पावला-पावलानं पुढं घ्यावा लागतो. माणसं डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून वर चढत असतात. मागून "होऽऽ" आलं की जागेवर थांबायचं. त्या "होऽऽ"वर माणसांचे हातपाय टांगलेले असतात. ज्याला ते ऐकू येत नाही त्याला कोणताही मालक सीटवर ठेवत नाही, आणि ठेवूही नये. आप्पारावांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. सीट गेली की राव गेला. मग उरलेल्या आप्पाचं काय करायचं, हे त्यांना सुचत नव्हतं.

म्हणून दोन गोष्टी चालल्या होत्या. पहिली, सारजाबाई. त्या डाव्या मडगार्डवर बसायच्या आणि त्यांचा हात नवऱ्याच्या खांद्यावर. एक थाप म्हणजे चला, दोन म्हणजे थांबा. मागच्या "होऽऽ"ला खांद्यावर दोन थापा पडायच्या आणि ट्रॅक्टर उभा. एक थाप पडायचा अवकाश, आप्पारावांचा डावा पाय क्लचवर गेलेला असायचा. अड्ड्याला वाटायचं, काय ही हौस!

"सारजे, ह्या वयात बी हात सुटना का गं?" चतुराबाई विचारायची.

"सुटला की मानूस दुसरीकडंच जातंय, माय," सारजाबाई म्हणायच्या. त्या खरं तेच सांगत होत्या.

दुसरी गोष्ट म्हणजे स्पीकर. गाणं चालू असलं की कुणालाच काही ऐकू येत नाही. मग आप्पारावांना येत नाही यात नवल ते काय?

"ओ आप्पाराव! बहिरे झालाव का?" परमेश्वर मुकादम पुढं येऊन हातवारे करत ओरडायचा. "कव्हाचा बोंबलायलोय मागून!"

"गाणं चालू हाय ना बे," आप्पाराव निवांत सांगायचे. "ऐकू कसं यील?"

ज्या स्पीकरांनी कान नेले, त्यांच्याच आडोशाला आप्पाराव बसले होते.

आडोसा मजबूत पाहिजे म्हणून त्यांची सारखी डागडुजी चालायची. धुरळ्यानं आवाज फाटायचा, दवानं पत्रा गंजायचा, खड्ड्यांनी नट ढिले व्हायचे. आप्पाराव स्पीकर आणि हुड यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालायचे, म्हणजे हादरा बसत नाही. वायर दातानं सोलायचे. जोडून झालं की स्पीकरवर तळवा ठेवायचे आणि डोळे मिटून बघायचे. वाजतोय की नाही हे ते असं बघायचे. जुन्या स्पीकरचा डबा फेकवत नसे. तो कोपीमागं ठेवायचे. चतुराबाईची कोंबडी त्यात अंडी घालायची आणि इतर कुठं घालायला तयार नसायची.

या हंगामाच्या सुरुवातीला ते सारजाबाईंना घेऊन माजलगावात प्रविणच्या दुकानी गेले तेव्हा मीही टायरचं पंक्चर काढून तिथंच टेकलो होतो. प्रविण स्पीकर, पंखे, मोटारी असलं सगळं दुरुस्त करतो.

"कागद फाटलाय बघ," आप्पाराव म्हणाले. स्पीकरच्या पडद्याला या धंद्यात कागद म्हणतात.

प्रविणनं नखानं टिचकी मारली. "मामा, पापडासारखा कडक हाय."

"मंग कॉइल जळाली आसंल."

प्रविणनं वायर लावली. दुकानातली ट्यूब थरथरली. शेजारच्या किराणावाल्यानं धावत येऊन आपल्या बरण्या धरल्या. रस्त्यावरचं एक कुत्रं दुसऱ्या गल्लीचं झालं. आप्पारावांनी तळवा ठेवला, डोळे मिटले, मान हलवली.

"लई बारीक वाजतोय बे."

प्रविणनं सारजाबाईंकडं बघितलं. सारजाबाईंनी पंख्याकडं बघितलं.

"मामी, ह्याच्यापेक्षा मोठा म्हंजे मंग मिरवणुकीतलाच."

"मंग दे की मिरवणुकीतला," सारजाबाई म्हणाल्या. "आमी काय कोणाला भितो?"

प्रविण पोरगा शहाणा. त्यानं जास्त विचारलं नाही. मोठी जोडी काढून दिली, वर पावसात घालायला प्लास्टिकची टोपडी दिली. आप्पारावांना खरं काय ते ठाऊक नव्हतं असं समजू नका. पण स्पीकर दुकानात बदलून मिळतो. माणूस जिथं काही बदलून मिळतं तिथंच जाणार.

तशी अड्ड्यावर निम्म्यांना शंका होती. पण आवाजाचे कायदे होते तसे गप्प बसण्याचेही होते. मालकाच्या कानावर कुणी काही घातलं नाही. हंगाम अर्ध्यावर आला, आणि मला वाटायला लागलं की हे गाडं असंच रेटत उन्हाळा गाठेल.

तेवढ्यात शिवकन्या बाळंत झाली.

शिवकन्या ही आप्पारावांची लेक. तिचा नवरा तानाजी याच टोळीत. दोघं नवराबायको मिळून एक कोयता. तिला दिवस भरायच्या आधीच कळा लागल्या, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, मुलगी झाली. बाळ आणि बाळंतीण कोपीवर आली तेव्हा आप्पाराव ट्रॅक्टर उभा करून धावतच गेले. चिंधीत गुंडाळलेलं ते एवढंसं तोंड बघून त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"रडतीय का हासतीय?" त्यांनी विचारलं.

"रडतीय की!" चतुराबाई त्यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाली. "सगळ्या माळाला ऐकू जायलंय. आजावर गेलीय." आणि मग तिनं कमरेवर हात ठेवून आप्पारावांच्या ट्रॅक्टरकडं बघितलं. "ते दोन राकीस आता बारशापर्यंत मुके. समजलं ना आप्पाराव? दुसऱ्याला सांगावं लागतं, तुमाला तर सांगायची बी गरज न्हाई. नात तुमचीच हाय."

आप्पाराव "व्हय, व्हय" म्हणाले. हसत होते. सारजाबाई मात्र हसत नव्हत्या. बाळंतिणीजवळ आई लागते. न्हाऊ-माखू, शेक-शेगडी, बाळाचं अंग चोळणं. म्हणजे मडगार्ड रिकामं. आणि स्पीकर मुके. एका एवढ्याशा पोरीनं आल्या आल्या आजोबांचा हात आणि आडोसा दोन्ही काढून घेतले होते. तिचा काही दोष नव्हता, ती झोपली होती.

संध्याकाळी मी चिठ्ठ्या द्यायला गेलो तेव्हा दोघं ट्रॅक्टरशेजारी उभी होती. सारजाबाई नवऱ्याच्या तोंडासमोर हात नाचवून बोलत होत्या.

"मी सांगते चतुरामायला. फडात वाजवा म्हन्ते, हितं नका वाजवू. फड लांब हाय."

"लांब कुठं? कॅनॉलच्या पल्याड. वाऱ्यानं समदं हिकडं येतंय."

"तुमाला काय म्हाईत येतंय का न्हाई?" सारजाबाई बोलून गेल्या, आणि मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

आप्पारावांनी वर स्पीकरांकडं बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "भाऊ, पान्हा हाय का तुमच्या गाडीत? माझा फडात ऱ्हायला." मी दिला. त्यांनी स्वतःच्या हातानं दोन्ही स्पीकर खाली काढले. ट्यूबचे तुकडे खिशात ठेवले. प्लास्टिकची टोपडी घालून डबे कोपीत नेऊन ठेवले. तारा नुसत्या काढल्या असत्या तरी चाललं असतं, पण समोर दिसले तर हात जाईल, असं त्यांना वाटलं असावं.

मग त्यांनी आणि तानाजीनं मिळून एक युक्ती काढली. मडगार्डला एक आरसा बांधला. हा शिवकन्येचा लग्नातला, मागं मोराचं चित्र असलेला. तानाजी मागच्या ट्रॉलीवर उभा राहणार. "होऽऽ" आलं की डोक्याचा लाल रुमाल हलवणार. आप्पाराव आरशात बघणार. चांगली युक्ती होती. मी स्वतः बघितलं, सकाळच्या भरणीला काही अडचण यायची नाही. आप्पाराव आरशात इतके टक लावून बघायचे की पोरं त्यांना "मामा, टिकली लावून देऊ का?" म्हणून चिडवायची. त्यांना कळायचं नाही. ते हसणाऱ्यांबरोबर हसायचे.

"जमतंय की मामा," तानाजी म्हणायचा.

"जमंना कावून? नदर चांगली हाय माझी," आप्पाराव म्हणायचे.

बारसं तोंडावर आलं होतं. एका दुपारी भरणी लांबली. कारखान्याकडून तोडीची परवानगी उशिरा आली, त्यामुळं दिवस कलताना शेवटची ट्रॉली भरायला घेतली. आणि नेमके त्या वेळी सुंदरराव आले. सुंदरराव राजकारणातले, बागायतदार, पण माणूस वाईट नव्हे. गाडी बांधावर लावून चालत आले. हातात बाळंतविड्याची पिशवी होती. कुंची, झबलं, एक छोटा डिंकाच्या लाडवांचा डबा. "आप्पारावांची नात म्हंजे आपल्याच घरातली," असं मला म्हणाले आणि ट्रॉलीच्या मागं सावलीला उभे राहिले.

फड संपवून ट्रॅक्टर मावळतीकडं पाठ करून वळला. पुढच्या चाकापुढं पाण्याची चारी होती, खोल, काठ भुसभुशीत. मुकादम ओरडला, "होऽऽ!" तानाजीनं रुमाल हलवला. मला अजून दिसतंय, तो रुमाल हलवत होता. पण वळताना मडगार्ड तिरकं आलं होतं आणि मोराच्या आरशात सबंध सूर्य शिरला होता. आप्पारावांना नुसता उजेड दिसला असणार. उजेडाला लाल काय नि हिरवा काय?

"होऽऽ! आप्पाराव, होऽऽ!" आता सगळेच ओरडत होते. बायका मोळ्या टाकून ओरडत होत्या. सुंदरराव हातातली पिशवी उंच करून ओरडत होते. माळावर दुसरा कुठलाच आवाज नव्हता. गाणं नव्हतं, वारासुद्धा पडला होता. इतक्या स्वच्छ शांततेत इतक्या माणसांची हाक गेली, आणि ट्रॅक्टर सावकाश, शहाण्या बैलासारखा, चारीत उतरला.

मागची ट्रॉली कलंडली. तानाजीनं उडी टाकली, मोळ्यांच्या ढिगावर पडला, खरचटण्यावर निभावलं. फळीवरची बाई आधीच खाली उतरली होती. ऊस सगळा चारीत. एक चाक हवेत फिरत राहिलं.

आप्पारावांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, आधी तानाजीला उभं करून त्याचे हातपाय चाचपले. मग पाठमोरे होऊन ट्रॉलीची खीळ बघायला लागले. सुंदरराव त्यांच्या मागं जाऊन उभे राहिले.

"आप्पाराव," ते म्हणाले.

आप्पाराव खीळ उपसत होते.

"आप्पाराव!"

खीळ गंजली होती. आप्पाराव तिला शिव्या घालत होते.

सुंदररावांनी माझ्याकडं बघितलं, मुकादमाकडं बघितलं, सगळ्या टोळीकडं बघितलं. आम्ही सगळे उसाकडं बघत होतो. मग ते वळसा घालून आप्पारावांच्या समोर गेले. आप्पारावांना मालक दिसला, आणि मालकाच्या तोंडावर काय आहे तेही दिसलं. सवयीनं त्यांचं बोट वर हुडाकडं गेलं. "गाणं चालू..." एवढं म्हणाले आणि थांबले. हुडावर नुसत्या तारा लोंबत होत्या.

सुंदरराव रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवी आप्पारावांच्या हातात दिली. "नातीला आनलंय," म्हणाले. मग खांद्यावर हात ठेवून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलले, "आप्पा, तुमी आता खाली उतरा. लई झालं."

आप्पाराव खालीच उभे होते. पण त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी जीवन नावाचा पोरगा ट्रॅक्टरवर आला. कान त्याचे उत्तम होते. कानात त्याच्या बाळ्या होत्या. शिवकन्येच्या जागी सारजाबाईंनी तानाजीबरोबर कोयता धरला, बाळंतिणीकडं चतुराबाई बघायला लागली, आणि आप्पा मोळ्या बांधायला लागले. मोळी बांधायला ऐकू यावं लागत नाही. त्यांनी बांधलेल्या मोळ्या मात्र ट्रॉलीच्या दोरासारख्या इतक्या आवळलेल्या असायच्या की मुकादमाला सांगावं लागे, "मामा, ऊस हाय, पळून न्हाई जात." तो हे त्यांच्यासमोर येऊन सांगायचा. आता सगळेच समोर येऊन बोलायचे. इतके दिवस मागून मिळणारा शिवीगाळीचा मान त्यांना आता मिळत नव्हता.

"स्पीकर ठिवून घ्या म्हन्ले मालक," सारजाबाईंनी त्यांना सांगितलं. "आपले हाएत."

"कोपीत काय करू त्यान्ला? कोंबडीला एक डबा बास हाय."

बारशाच्या सकाळी आप्पांनीच ते बाहेर काढले आणि जीवनच्या ट्रॅक्टरवर बसवले. खिशातले ट्यूबचे तुकडे काढून मध्ये घातले. "हादरा बसाय न्हाई पायजे. अन् धुरळा रुमालानं पुसायचा, पानी न्हाई मारायचं," असं बरंच काही जीवनला सांगितलं. जीवन "व्हय मामा, व्हय मामा" म्हणत मोबाइल बघत होता.

संध्याकाळी सगळे लवकर परतल्यावर बारसं झालं. दोन बांबूंच्या मेढीला लुगड्याचा पाळणा. शेंगदाणे, गूळ, हळदीकुंकू. आत्यानं बाळाच्या कानात "कुर्रर्र" करून नाव सांगितलं. प्रियदर्शनी. पाळण्यापेक्षा नाव लांब झालं, असं चतुराबाईचं मत पडलं. बायका आत्याच्या पाठीत बुक्के मारून हसल्या. आप्पा पाळण्याच्या मेढीला टेकून एकेकाच्या तोंडाकडं बघत होते.

"काय ठिवलं?" त्यांनी विचारलं.

सारजाबाईंनी त्यांच्या कानाला तोंड लावून, जोर करून नाव सांगितलं. ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल. आप्पांनी मान हलवली नाही. मग त्या समोर आल्या आणि ओठांनी, एक एक अक्षर सुटं करून, पुन्हा सांगितलं. आत्तापर्यंत झोपलेली पोर जागी झाली.

"आसं व्हय," आप्पा म्हणाले. "चांगलं हाय. लिवाय अवघड हाय, पर चांगलं हाय."

बारसं झालं म्हणजे बंदी उठली. चतुराबाईनं तसं जाहीरही केलं. आणि तेवढ्यात कॅनॉलच्या पुलावर जीवनचा ट्रॅक्टर आला आणि त्यानं गाणं सोडलं.

मिरवणुकीतले स्पीकर ते. माळावरची पाखरं उठली. पोरं पाळण्याभोवतीचे शेंगदाणे सोडून पुलाकडं तोंड करून उभी राहिली, अडकणारा तुकडा भरायला तोंडं उघडून. तो तुकडा आलाच नाही. गवळण नव्हती ती. कसलं तरी धडधडीचं, चकचकीत गाणं होतं, ते कुठंच अडकत नव्हतं. पोरांनी एकमेकांकडं बघितलं आणि तोंडं मिटली. प्रियदर्शनी जीव खाऊन रडायला लागली.

आप्पांचा तळवा मेढीवर होता. बांबू थरथरत होता. त्यांनी डोळे मिटले, थोडा वेळ तसेच राहिले आणि डोळे उघडले तेव्हा त्यांचा सगळा चेहरा उजळला होता.

"वाजतंय!" ते म्हणाले. "लई झकास वाजतंय. माझीच गवळन लावली ना त्यानं?"

मुकादम गुळाच्या ताटलीत बघायला लागला. मी खिशात चिठ्ठ्या शोधायला लागलो. चतुराबाईसारखी बाई, तीसुद्धा पाळण्याचं लुगडं सारखं करायला लागली.

सारजाबाईंनी मान हलवली. व्हय, म्हणून.

टोळी संध्याकाळच्या भरणीला उठली. बायकांनी भाकरी फडक्यात बांधल्या. आप्पा अजून मेढीला हात लावून उभेच होते. सारजाबाई त्यांच्या मागून आल्या आणि चला म्हणून खांद्यावर एक थाप मारली.

आप्पांचा डावा पाय पुढं गेला आणि खाली दाबला गेला. खाली नुसती माती होती.